संशोधन-प्रकल्पाचे नेतृत्व आणि आत्मविश्वास : महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या संदर्भात

प्रस्तावना

दीर्घकाळ चालणाऱ्या संशोधन-प्रकल्पात प्रमुखाचा आत्मविश्वास आवश्यक असतो. परंतु तो व्यक्तिनिष्ठ राहिल्यास प्रकल्प त्या व्यक्तीबरोबरच संपतो. आत्मविश्वासाचे रूपांतर कार्यपद्धतीत कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी

संस्थेची स्थापना १९१७ मध्ये झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांच्या साहाय्याचे वचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी कार्यारंभ झाला. १९२३ मध्ये ना. बा. उत्गीकर यांनी विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती विद्वानांपुढे ठेवली. १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले.

सुकथनकरांची नेतृत्वशैली

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला. त्यावर फ्रेंच विद्वान सिल्वाँ लेव्ही यांनी सुचविले की, मूळ पाठ सिद्ध करण्याच्या प्रयत्नात न पडता नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून पाठभेद द्यावेत. हा आक्षेप मोठ्या अधिकारी व्यक्तीचा होता. सुकथनकरांनी तो टाळला नाही. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्याचा सविस्तर परामर्श घेतला व आपली पद्धती कायम ठेवली. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा हस्तलिखितांच्या साक्षीवरून मूळ संहितेतून वगळून त्यांनी परिशिष्टात दिली.

या दृढतेला दुसरी बाजूही होती. ज्या पाठाविषयी पूर्ण खात्री नाही त्याखाली नागमोडी रेषा छापण्यात आली आणि अस्वीकृत पाठ तळटीपांत राहिले. संपादकाचा निर्णय तपासण्याची सामग्री अशा रीतीने वाचकाच्या हाती दिली गेली. पुढे नेपाळमधील आदिपर्वाची एक प्राचीन पोथी उपलब्ध झाली, तेव्हा सुकथनकरांनी तिच्याशी आपला पाठ स्वतःच ताडून पाहिला. पोथीच्या साक्षीने त्यांच्या निर्णयांना मोठ्या प्रमाणावर पुष्टीच मिळाली.

नेतृत्वाची कसोटी

सभापर्व फ्रँकलिन एजर्टन, उद्योगपर्व सुशीलकुमार डे, विराटपर्व रघुवीर असे निरनिराळे संपादक नेमले गेले. सर्वांसाठी पद्धती मात्र एकच होती. २१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकरांचे निधन झाले, तेव्हा बरेच काम शिल्लक होते. श्री. कृ. बेलवलकर व त्यानंतर प. ल. वैद्य यांनी धुरा सांभाळली. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पूर्ततेची घोषणा झाली. १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे १९ खंड सिद्ध झाले होते.

समारोप

प्रमुखाच्या निधनानंतर २३ वर्षे प्रकल्प त्याच दिशेने चालला, यातच या नेतृत्वाचे मर्म आहे. निर्णय ठामपणे घेणे आणि त्याचा पुरावा इतरांपुढे खुला ठेवणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. महाविद्यालयीन प्रकल्पांतही मार्गदर्शक बदलतो वा निवृत्त होतो. अशा वेळी नियम, नोंदी व शंकास्थळे लेखी नसतील, तर सहकाऱ्यांचे श्रम वाया जातात. म्हणून आपल्या अनुपस्थितीतही काम चालेल अशी व्यवस्था लावणे, हेच प्रकल्पप्रमुखाच्या आत्मविश्वासाचे खरे प्रमाण मानावे लागेल.