जुळ्या कोकरांची कुळकथा

मेंढीचे मांस वाढवायचे तर मेंढी अंगाने मोठी करायची, ही समजूत जुनी आहे. शेवगावसारख्या तालुक्यात ती तपासून घ्यावी लागते. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी या तालुक्याच्या एका कडेला येऊन थांबते; बाकीचा बराच मुलूख पावसाच्या भरवशावर कापूस, ज्वारी आणि बाजरी पिकवतो. सुगी झाल्यावर रानात जे धसकट, पाला आणि बांधावरचे गवत उरते, त्यावर जगणारे जित्राब म्हणजे दख्खनी मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानले जातात. त्यांतला संगमनेरी प्रकार शेवगावच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला. जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी आणि शेतात कळप बसवून मिळणारे लेंडीखत हा एके काळी या व्यवसायाचा मोठा आधार होता. लोकरीला भाव उरला नाही, तसा मेंढपाळाचा संसार कोकराच्या विक्रीवर येऊन ठेपला. त्यामुळे कळपातून वर्षाकाठी किती किलो मांस विकले जाते, हाच आता कळीचा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर मेंढीच्या आकारात नसून तिच्या वेतात आहे, आणि त्या उत्तराची वाट सुंदरबनापासून ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन फलटणला पोचते.

मांसासाठी संकर करण्याची आखीव रीत पाहायची तर सशांकडे पाहावे. कॅलिफोर्नियन ही सशाची जात 1920 च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज वेस्ट यांनी हिमालयन, चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट यांच्या मेळातून घडवली. पुढे युरोपातल्या व्यावसायिक ससेपालनाने दोन गुण वेगळे केले: माद्यांची ओळ पिलांच्या संख्येसाठी निवडायची, नरांची ओळ वाढीच्या वेगासाठी, आणि दोन्हींचा संयोग विक्रीच्या पिलांत साधायचा. सशिणीचा गर्भकाळ अवघा महिन्याभराचा आणि एका वेतात अनेक पिले, म्हणून संख्या हाताशीच असते. वेगावर भर दिला तरी चालते. मेंढीचे गणित उलटे आहे. तिचा गर्भकाळ सुमारे 150 दिवसांचा, आणि दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. जिथे संख्याच एकावर अडली आहे, तिथे केवळ वेग वाढवून फार काही हाती लागत नाही. तरीही सुरुवातीचे प्रयत्न आकाराच्याच दिशेने झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचा डॉरसेट आणि मेरिनो या परदेशी जातींशी संकर करून पाहिला गेला. अशा संकराची वाढ खुराकावर दिसते. उन्हाळ्यात कोसचे कोस चालून मिळेल ते खाणाऱ्या कळपात मोठ्या अंगाच्या मेंढीला वर्षभर जास्त चारा लागतो आणि तो मिळतोच असे नाही. मेंढपाळांच्या कळपांत आजही दख्खनीच दिसते, याचे एक मोठे कारण इथे आहे.

दुसरी वाट एका खुज्या मेंढीने दाखवली. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी आहे. प्रौढ मेंढीचे वजन साधारण 10 ते 14 किलो. दलदलीत, पाण्यात उभी राहून ती चरते. नजर खिळावी असे तिच्यात काही नाही, पण तिला जुळी आणि कधी तिळीही होतात. बंगालच्या मेंढ्या 1792 आणि 1793 मध्ये कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियातल्या नव्या वसाहतीत गेल्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या बुरूला या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात भरपूर कोकरे देणाऱ्या मेंढ्या आढळल्या, आणि 1958 पासून तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास हाती घेतला. मेरिनो एरवी काही अनेक कोकरांसाठी ओळखली जात नाही. हा गुण एकाच प्रभावी जनुकाचा असावा, असा निष्कर्ष 1982 मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी हेलन न्यूटन टर्नर यांनी या कळपाचा माग बंगालमधून आलेल्या त्या जुन्या मेंढ्यांपर्यंत नेला. 2001 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तीन संशोधन गटांनी तो बदल नेमका शोधला: मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या बीएमपीआर-वन-बी या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, आणि त्यामुळे एका माजात अधिक बीजांडे सुटतात. या बदलाला फेकबी म्हणतात. 2002 मध्ये गारोळ मेंढीतही हुबेहूब तोच बदल सापडला. बुरूलाचा गुण मूळचा बंगालचा, या अनुमानाला रक्ताचीच साक्ष मिळाली.

महाराष्ट्रात हे काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केले. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत 1990 च्या दशकात गारोळ मेंढ्या आणल्या गेल्या, आणि डॉ. चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रेलियन विद्यापीठे व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्यासोबत प्रकल्प उभा राहिला. गारोळ आणि दख्खनी यांचा सरळ संकर अंगाने लहान भरतो, म्हणून तिथेच थांबून चालत नव्हते. संकरातून जन्मलेल्या नर-मादीला पुन्हा दख्खनीशी जुळवायचे, दर पिढीत रक्ताच्या नमुन्यावरून जनुक असलेली कोकरे निवडायची आणि तीच पुढे न्यायची, अशी ही रीत. गारोळचा अंश पहिल्या पिढीत निम्मा, मग पाव, मग अष्टमांश होत जातो. फेकबी मात्र निवडीमुळे टिकतो. या मेळात कर्नाटकची बन्नूर आणि इस्राएलमधली दुधाळ अवासीही आली. त्यातून घडलेली मेंढी नारी सुवर्णा या नावाने ओळखली जाते. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांची सरासरी मेंढपाळांच्या कळपांत एका वेताला सुमारे दीड कोकरू एवढी आली.

या दीडाचे मोल हिशेबाने कळते. समजा 50 मेंढ्यांच्या कळपात 50 कोकरे झाली, 46 जगली आणि विक्रीच्या वेळी प्रत्येकी 18 किलो भरली. एकूण 828 किलो. आता 75 झाली, त्यांतली 62 च जगली आणि जुळी असल्याने 16 किलोच भरली, तरी 992 किलो होतात. मरतूक जास्त आणि वजन कमी धरूनही सुमारे 20 टक्के वाढ. हीच मजल आकाराच्या वाटेने गाठायची तर प्रत्येक कोकरू साडेएकवीस किलोंच्या पुढे न्यावे लागेल, आणि त्यासाठी अंगाने मोठी झालेली मेंढी वर्षभर पोसावी लागेल. जुळी देणारी मेंढी जास्तीचा खुराक मागते तो गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि दूध देत असताना. दुष्काळी तालुक्याला हे थोड्या दिवसांचे ओझे पेलते. वर्षभराचे पेलत नाही.

पहिला आक्षेप मेंढपाळच घेतील आणि तो खरा आहे: एका आईच्या दुधावर दोन कोकरे कशी जगायची? जुळी जन्मतः हलकी असतात, त्यांची मरतूकही जास्त. ज्याला विणीच्या वेळी ज्वारी-मक्याचा भरडा, थोडी पेंड आणि लसीकरण जमणार नाही, त्याने नारी सुवर्णाचा नर कळपात सोडू नये. दुधाची ही अडचण ओळखूनच अवासीचा अंश घेतला गेला. दुसरा आक्षेप भटकंतीचा: वाटेत वीण झाली तर जुळी कोण वाहणार? बारा महिने फिरणाऱ्या वाड्यापेक्षा गावाभोवती चरून संध्याकाळी परतणाऱ्या लहान कळपाला हा गुण अधिक मानवतो, हे मान्य करायला हवे. तिसरा आक्षेप देशी रक्ताच्या शुद्धतेचा. तो परदेशी जातींच्या सरसकट संकराला लागू पडतो, कारण तिथे चाल, काटकपणा आणि रोगाशी झुंज सगळेच पणाला लागते. इथे बाहेरून मुख्यतः एक गुण घ्यायचा आहे, तोही याच देशातल्या मेंढीचा. मात्र मूळ दख्खनीचे निवडक कळप शुद्ध राखणे तितकेच आवश्यक आहे. ते संपले तर पुढचा मेळ कशाशी घालायचा?

ज्या जिल्ह्याला चौंडीच्या धनगर घरात 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव दिले गेले, त्या जिल्ह्यात मेंढीपालनाकडे मागासलेला धंदा म्हणून पाहणे शोभत नाही. शेवगावच्या मेंढपाळाला तपासलेला नर, त्याच्या रक्ततपासणीचा कागद आणि विणीच्या काळातल्या खुराकाचा आधार एकत्र मिळाला पाहिजे. पशुसंवर्धन खाते आणि मेंढी विकास महामंडळ यांनी ही जबाबदारी घ्यावी. मेंढपाळांनीही प्रत्येक वेताची नोंद ठेवावी आणि नराची किंमत त्याच्या उंचीवरून न ठरवता त्याच्या लेकींना किती कोकरे झाली व त्यांतली किती जगली यावरून ठरवावी.