खुनी कोण, ते सांगू नका!

मराठीत पेपर फुटतो, बिंग फुटते, भांडे फुटते, आणि नारळ फुटला की शुभकार्याला सुरुवात होते. पण गोष्टीचा शेवट फोडणाऱ्या इसमाला आपल्याकडे धड नाव नाही. इंग्रजीत त्या प्रकाराला 'स्पॉयलर' म्हणतात, आणि हल्ली आमच्या सोसायटीतली चिल्लीपिल्लीसुद्धा "आजोबा, स्पॉयलर देऊ नका हं" असे बजावतात. शब्द नवा असला तरी प्राणी जुना आहे. वाचनालयातून रहस्यकथा आणावी, एकोणिसाव्या पानावर डॉक्टरसाहेबांचा प्रथमच प्रवेश व्हावा, आणि नावाखाली कोणा पुण्यवंताने पेन्सिलीने लिहिलेले असावे : 'हाच तो!' असल्या एका पुण्यवंताचा छडा लावायला मी वाचनालयाचे रजिस्टर पाहायला मागितले होते. ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, "नाव सांगतो, पण मग मजा जाईल."

या फोडाफोडीच्या इतिहासात पहिला मान मी जर्मनीच्या वोल्फगांग नॉइस नावाच्या विनोदी नटाला देतो. १९६२ सालचा जानेवारी महिना. पश्चिम जर्मनीत टेलिव्हिजनवर 'दास हाल्सटूख', म्हणजे 'गळपट्टा', ही सहा भागांची मालिका चालू होती. मूळ कथा फ्रान्सिस डर्ब्रिज या इंग्रज लेखकाची. खुनी गळपट्ट्याने गळा आवळतो, आणि तो कोण याचा घोर साऱ्या देशाला लागलेला. मालिका लागली की रस्ते ओस, नाटकगृहे ओस, सभा रद्द. शंभरातले जवळजवळ नव्वद प्रेक्षक त्या एका पडद्यापुढे. आता नॉइसचा स्वतःचा एक सिनेमा त्याच सुमारास थिएटरात लागलेला, आणि तिकडे काळे कुत्रे फिरकेना. गड्याने काय करावे? शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी बर्लिनच्या एका सांजदैनिकात छोटीशी जाहिरात दिली. उद्या घरी बसून काय करणार, खुनी डीटर बोर्शे आहे, त्यापेक्षा सिनेमाला जा, असा त्यातला मथितार्थ. खाली सही 'एक सिनेमाप्रेमी' अशी.

आणि खुनी खरोखर बोर्शेच निघाला! मग जो गहजब झाला तो विचारू नका. नॉइसला धमक्या आल्या. 'बिल्ट' या खपाच्या वर्तमानपत्राने त्याला देशद्रोही ठरवले. बर्लिन शहराच्या मधोमध भिंत उभी राहून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे, अशी दशा. देशद्रोह म्हणजे काय हे त्या शहराला नव्याने शिकवायची गरज नव्हती. तरीही तो शब्द एका गळपट्ट्यापायी खर्च झाला. माणसाला राजकारणातला दगा एक वेळ पचतो, पण बुधवारची संध्याकाळ नासवलेली पचत नाही.

जर्मनांचे निदान सहा भागांत आटोपले. अमेरिकनांचा 'लॉस्ट' सहा वर्षे चालला. २२ सप्टेंबर २००४ ला सुरू, २३ मे २०१० ला समाप्त, एकूण १२१ भाग. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका बेटावर कोसळते. वाचलेल्यांना तिथे काय भेटावे? उष्ण कटिबंधात पांढरे अस्वल, माणसे मारणारा काळा धूर, आणि जमिनीखाली एक गृहस्थ, जो दर १०८ मिनिटांनी एक बटण दाबत बसलेला. शिवाय ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे, जागोजाग. बेरीज १०८! ती पाहून आमच्याकडच्या कोणाही आजीने जपमाळ पुढे केली असती. अमेरिकेत जपमाळ नसल्याने लोकांनी त्या आकड्यांवर लॉटरीची तिकिटे काढली, आणि जानेवारी २०११ च्या एका सोडतीत त्यातले चार आकडे खरोखर लागले. हजारो भक्तांना बहुतेक ठिकाणी दीडशे-दीडशे डॉलर मिळाले.

२०१० च्या त्या मे महिन्यात आम्ही उभयता चिरंजीवांकडे न्यू जर्सीला होतो. शनिवार-रविवारी त्याची मित्रमंडळी जमत, पोह्यांच्या बशा रिकाम्या होत आणि वाद पेटे. एक म्हणे, सगळे विमानातच मेले आणि हे बेट म्हणजे पापपुण्याच्या हिशेबाची मधली चावडी. दुसरा म्हणे, निर्मात्यांनी पहिल्याच वर्षी ते नाकारले आहे. तिसरा म्हणे, नाकारले म्हणजेच खरे असणार. मग सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, इतके दिवस झाले, पण यातला एक जण आजारी आईच्या आठवणीने जेवता जेवता थांबला नाही. मेलेलेच आहेत ते." पोरांनी माना डोलावल्या. "काकू, थिअरी चांगली आहे."

गुप्तता काय विचारता! हंगामाच्या शेवटच्या प्रसंगाला लेखकमंडळी सांकेतिक नावे ठेवीत. एकदाचे नाव होते 'गोठलेले गाढवचाक'. चाहत्यांनी त्याचे नाना अर्थ काढले, आणि पडद्यावर बघतात तो बर्फात गोठलेले खरोखरीचे चाक! त्याच वेळी शवपेटीत कोण, हे फुटू नये म्हणून दोन जादा नटांनाही पेटीत झोपवून चित्रण केले होते. आणि शेवटचा हंगाम सुरू व्हायचा दिवस, २ फेब्रुवारी २०१०, अध्यक्ष ओबामांच्या वार्षिक भाषणाच्या आड येणार अशी आवई उठली, तेव्हा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याला लोकांची समजूत घालावी लागली. भाषण २७ जानेवारीलाच उरकले. इंग्लंडात अखेरचा भाग पहाटे पाच वाजता दाखवला, अमेरिकेतून बातमी फुटून येण्याआधी. पहाटे पाचला उठून पाहणारे होते, हे विशेष.

(ज्यांनी मालिका पाहिली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथे डोळे मिटून पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) शेवटी कळले ते असे : बेटावर घडले ते सगळे खरे, पण शेवटच्या हंगामात जी दुसरी दुनिया समांतर दाखवत होते, ती मात्र मेल्यानंतरची, एकमेकांची वाट पाहण्याची जागा. म्हणजे नाकारलेली चावडी होतीच, फक्त दुसऱ्या गल्लीत! त्यात आणखी घोळ असा, की भाग संपल्यावर नामावलीबरोबर ओसाड किनाऱ्यावरच्या विमानाच्या सांगाड्याची चित्रे आली. झाले! 'पाहा, कोणीच वाचले नव्हते.' वाहिनीला खुलासा करावा लागला की पुढच्या बातम्यांकडे हळुवार वळता यावे म्हणून ती चित्रे आम्हीच जोडली, कथेशी संबंध नाही. तरीही ते सगळे आधीपासून मेलेलेच होते म्हणणारे अजून भेटतात.

आता फुटल्याने खरेच मजा जाते का? कॅलिफोर्नियात लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ साली प्रयोग प्रसिद्ध केला : लोकांना कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. सांगितलेल्यांना कथा उलट किंचित जास्त आवडल्या. पुढे इतरांच्या प्रयोगात विरुद्धही निघाले, तेव्हा ते राहू द्या. १९८७ साली 'रामायण' लागायचे तेव्हा रविवारी सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसे, आणि रावण मरणार हे फुटून युगे लोटलेली!

आमच्या घरात सौभाग्यवती कादंबरीचे शेवटचे पान आधी वाचतात. मुलगी जगते एवढे पाहून घेतात आणि मग पहिल्यापासून सावकाश वाचतात. मी पूर्वी चिडत असे. पण तारा येत असत त्या काळी (२०१३ साली त्या बंद झाल्या) तारवाला दिसला की पाकीट हातात घेण्याआधी त्या त्याला विचारत, "वाईट नाही ना हो?" त्यांच्या थोरल्या भावाची तार आली, तेव्हा तो काही न बोलता सायकलवर चढला होता. त्यानंतर पुस्तकाच्या बाबतीत मी त्यांना काही बोललो नाही.

बाकी वाद मिटवायची खरी रीत इंग्रजांनाच साधली. चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० ला वारला, तेव्हा 'एडविन ड्रूड' ही रहस्यकादंबरी अर्धीच झाली होती; बारांपैकी सहाच हप्ते. पुतण्याचा खून काका जॅस्परने केला असेच ठरले होते, हे डिकन्सच्या मित्राने, फॉर्स्टरने, लिहून ठेवले. पण लेखकाने स्वतः मित्राला सांगितले, म्हणून कोण ऐकतो? पुतण्या जिवंतच आहे म्हणणारा पक्ष निघाला आणि चाळीस वर्षे भांडत राहिला. अखेर ७ जानेवारी १९१४ ला लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी जॅस्परवर रीतसर खटला भरला. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन, ज्यूरीचे मुख्य बर्नार्ड शॉ. चार तासांवर साक्षीपुरावे झाले. मग शॉ उठले आणि म्हणाले की ज्यूरींच्या परंपरेप्रमाणे आम्ही निकाल जेवणाच्या सुट्टीतच ठरवून टाकला आहे : सदोष मनुष्यवध. दोन्ही पक्ष खवळले. तेव्हा चेस्टरटनने न्यायालयाच्या बेअदबीबद्दल, स्वतःला वगळून, हजर असलेल्या सगळ्यांना शिक्षा ठोठावली.