अल्बिनो आईबापांची ठिपकेदार पिल्लं

1854 साली एडवर्ड ब्लाइथ यांनी पंजाबातल्या सॉल्ट रेंज डोंगरांतल्या एका पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. ब्लाइथ तेव्हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. आपल्या घरातल्या पालीसारखी ही भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. शेपटीत चरबी साठलेली असते आणि उपासमारीत ती त्यावर तग धरते. पिल्लाच्या अंगावर आडवे पट्टे असतात. मोठं होता होता ते फुटतात आणि पिवळसर अंगभर काळे ठिपके उरतात. हीच लेपर्ड गेको. तिच्या कुळातली एक जात, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत राहते. विषारी समजून लोक तिला ठेचतात. तिच्यात विष नावालाही नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाकिस्तानातून या पाली युरोप-अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात जाऊ लागल्या. मादी एका वेळी दोन अंडी घालते, पण एका हंगामात अनेकदा घालते. त्यामुळे माणसाच्या घरात त्यांची वीण सहज वाढली. 1970 च्या दशकापासून पैदासकार जरा जास्त पिवळी, जरा कमी ठिपक्यांची पिल्लं निवडून जोड्या लावू लागले. आपला शेतकरी बियाण्यासाठी भरदार कणीस राखून ठेवतो, तसंच हे काम. नारिंगी रंग, पाठीवरची सलग पट्टी ही रूपं अशीच पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून आली. त्यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, म्हणून पिल्लं सहसा आईबापांच्या अधेमधे कुठेतरी उतरतात.

पुढे एकेका जनुकाच्या बदलाने येणारी रूपं सापडली आणि या धंद्याचं स्वरूपच पालटलं. 1996 मध्ये अमेरिकेतले पैदासकार रॉन ट्रेम्पर यांच्याकडे अल्बिनो लेपर्ड गेको तयार झाली: काळं रंगद्रव्य नाही, फक्त पिवळा, गुलाबी आणि फिकट तपकिरी रंग. पुढच्या काही वर्षांत रेनवॉटर आणि बेल या नावांनी ओळखले जाणारे आणखी दोन अल्बिनो वाण आले. तिन्ही दिसायला जवळपास सारखे, आणि तिन्ही अप्रभावी. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा बिघडलेल्या दोन प्रती मिळाल्या, तरच पिल्लू अल्बिनो होतं.

आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात. ट्रेम्पर अल्बिनो आणि बेल अल्बिनो यांची जोडी लावली, तर मात्र सगळी पिल्लं काळ्या ठिपक्यांची, अगदी रानातल्यासारखी निघतात! वर्गात आनुवंशिकी शिकवताना वाटाण्यानंतर मी हेच उदाहरण फळ्यावर मांडत आले. बिघाड दोन वेगवेगळ्या जनुकांत आहे. एकाची चांगली प्रत बाप देतो, दुसऱ्याची आई देते, आणि रंग पुन्हा पुरा होतो. या ठिपकेदार भावंडांची आपसात वीण केली तर सोळांत सरासरी नऊ पिल्लं ठिपकेदार आणि सात अल्बिनो. त्या सातांतलं कोणतं कुठल्या वाणाचं, हे नजरेला कळत नाही. म्हणून जाणते पैदासकार हे वाण एकमेकांत मिसळत नाहीत.

बिघडलेली एकच प्रत बाळगणाऱ्या पालीला या धंद्यात ‘हेट’ म्हणतात. लव्हबर्ड पाळणारे ज्याला ‘स्प्लिट’ म्हणतात, तेच हे. विक्रीच्या डब्यावर ‘66 टक्के हेट’ लिहिलेलं असतं, त्यामागचा हिशेब असा: दोन हेटांच्या चार पिल्लांत सरासरी एक अल्बिनो, दोन हेट, एक शुद्ध. अल्बिनो तर दिसतंच. ते बाजूला काढलं की उरलेल्या तिघांत दोन हेट. मॅक स्नो नावाच्या रूपात मात्र काही लपत नाही. एक प्रत असली की पिवळेपणा उतरतो, दोन असल्या की पांढरट अंगावर काळे ठिपके आणि पूर्ण काळे डोळे.

या पालीत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं नाहीत. अंडी 26 अंशांवर ठेवली तर जवळजवळ सगळ्या माद्या, 32-33 अंशांवर बहुतेक नर, आणि 34 च्या पुढे पुन्हा माद्या. ऊब कमी असेल तर पिल्लाचा रंगही गडद उतरतो. तेव्हा दिसणारा प्रत्येक रंग आईबापांच्या खात्यावर मांडता येत नाही.

या इतिहासातली दोन रूपं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. 2000 च्या दशकात एनिग्मा आली. ठिपक्यांची सुंदर विखुरण, आणि एका प्रतीतच दिसणारी. पण त्यातल्या अनेक पाली मान वाकडी करून गोल गोल फिरत, भक्ष्यावर झेप घेताना चुकत. 2015 च्या सुमारास लेमन फ्रॉस्ट आली आणि हजारो डॉलरना विकली गेली. प्रकाश परतवणाऱ्या पेशी कातडीत बेसुमार वाढल्यामुळे तिला ती पांढरी झळाळी मिळते. त्याच पेशींच्या गाठी होतात. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या लाँगहुआ ग्वो, लिओनिद क्रुग्ल्याक आणि सहकाऱ्यांनी हा दोष स्पिंट-1 या जनुकाच्या जागेपाशी शोधला, आणि अशा 80 टक्क्यांहून अधिक पालींना त्वचेच्या गाठी होतात असं नोंदवलं. कॅन्सरला आळा घालणाऱ्या जनुकांत स्पिंट-1 ची गणना होते.

रंग हा अंगावर चढवलेला कपडा नसतो. ज्या जनुकामुळे रूप येतं, तेच शरीरात दुसरीही कामं करत असतं, आणि वारसा सगळ्यांचा मिळून येतो. हे कळल्यावर काही पैदासकारांनी लेमन फ्रॉस्टची वीण थांबवली. ते योग्यच केलं. कुत्रा असो, पक्षी असो की पाल, पिल्लू विकत घेणाऱ्याने रंग आणि किंमत विचारण्याआधी त्याचे आईबाप कसे जगले, त्यांना काय आजार झाले, हे विचारावं. उत्तर मिळालं नाही तर ते पिल्लू घेऊ नये.