शिवार आणि भिंत

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या कृषी सेवा केंद्राने गूगलवर दिसण्यासाठी आपल्या पानावरची माहिती सुधारत राहावं, म्हणजे एसईओ करावं, की पैसे मोजून जाहिरात लावावी? पहिला मार्ग फुकटचा आणि दुसरा विकतचा, अशी सरसकट समजूत आहे. याच जिल्ह्यातल्या बियाणे धंद्याचा इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्याआधी त्यांनी हात घातला होता तो पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा वाण त्या काळी केवडा रोगाला तोंड देणारा म्हणून नावाजलेला होता. पण बी हा माल असा, की हातात घेऊन त्याचा कस कळत नाही. खरं-खोटं हंगाम सरल्यावर उघडं पडतं. म्हणून शेतकरी आधी दुसऱ्याच्या शिवारातलं उभं पीक पाहतो. ते पीक उभं करायला मेहनत, खर्च आणि वर्षं लागतात. फुकट त्यात काहीच नसतं. फरक एवढाच, की ग्वाही विकणारा देत नाही, ती त्याच्या गिऱ्हाइकाचं शेत देतं.

1998 साली सुरू झालेल्या गूगलने हीच रीत वापरली. एका पानाने दुसऱ्याचा दुवा देणं ही ग्वाही मानली आणि तिच्यावर क्रम ठरवला. ऑक्टोबर 2000 मध्ये त्याच्या शेजारी पैसे मोजून लावलेल्या जाहिराती आल्या. आपल्याकडे बियाण्याच्या बाजारात 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत वाणांची नावं शेकड्यांनी झाली. एवढी नावं शिवारात पाहून पारखणं कुणालाच शक्य नव्हतं. पर्याय वाढले, पारख अवघड झाली, की जाहिरातीने रंगवलेल्या भिंतीचं बळ वाढतं.

यावर कुणी म्हणेल, नव्या दुकानदाराने ग्वाही आणायची कुठून? हा आक्षेप रास्त आहे. ज्याचं पीक अजून कुणी पाहिलेलं नाही, त्याला खरिपाच्या तोंडावर जाहिरात हाच जवळचा रस्ता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ग्वाहीही बनावट असते. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटला जास्तीचं खत-पाणी देता येतं, तसे दुवेही विकत मिळतात. त्यांना आळा घालायला गूगलला 2012 साली नियम कडक करावे लागले. म्हणजे एसईओ आपोआप प्रामाणिक ठरत नाही. जाहिरातीवर निदान ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. विकत घेतलेल्या दुव्यावर तेही नसतं, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो. 1966 च्या बियाणे कायद्याने पिशवीवर उगवणशक्तीचं प्रमाण छापायला लावलं, ते बियाण्यातल्या अशाच फसवणुकीवरचा उपाय म्हणून.

मंठ्याच्या विक्रेत्यांनी जाहिरात जरूर द्यावी. पण आधी कोणता वाण कोणत्या जमिनीत, कोणत्या पावसावर पेरायचा आणि गेल्या हंगामात तो कुठे फसला, हे आपल्या पानावर साध्या मराठीत लिहावं. जाहिरातीचे पैसे संपले की नाव उतरतं. ही माहिती पुढच्या खरिपातही शोधणाऱ्याला सापडते.