हरणाचे ओझे : अमेरिकेतील सार्वजनिक रान आणि शिकाऱ्याचे कर्तव्य

शिकारीची कथा बहुधा नेम लागताच संपते. आपल्या अभिजात साहित्यात मृगया हा राजाचा विहार असल्याने पडलेले हरीण छावणीपर्यंत कोणी वाहून आणले, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. ते काम सेवकांचे. इंग्लंडमधील राजरानांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. राजाचे हरीण मारणाऱ्याला देहान्त वा अवयवच्छेदाची शिक्षा होऊ नये, असे १२१७ च्या वनसनदेने ठरविले. तरी हरीण राजाचेच राहिले. अमेरिकेतील सार्वजनिक भूमीवरील शिकारीचा इतिहास वाचताना मात्र आपले लक्ष नेमावरून ओझ्याकडे वळते. मारलेले हरीण रानातून बाहेर आणणे ही तेथे शिकाऱ्याच्या हक्काची कसोटी कशी ठरत गेली, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे.

प्रथम हे काम समजून घेऊ. हरीण पडते ती जागा पुष्कळदा गाडीवाटेपासून मैलोगणती दूर असते. अख्खे धड ओढत आणणे एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून जागेवरच कातडे सोलून त्याचे चार भाग करतात. पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, खांद्याचे पाते केवळ स्नायूंनी धरलेले असते; त्यामुळे सुरी फिरविताच तो मोकळा होतो. मागची मांडी कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसलेली असल्याने तेथे सांधा शोधावा लागतो. मग कण्यालगतच्या मांसाच्या लांब पट्ट्या आणि मानेचे मांस काढायचे, सुती पिशव्यांत भरायचे आणि सावलीत टांगून निववायचे. आतली ऊब वेळेत निघाली नाही, तर मांडीच्या हाडालगतचे मांस आधी नासते. त्यानंतर पाठीवर ओझे घेऊन फेऱ्या सुरू होतात. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या रानांत तर मोटारच काय, चाकाची हातगाडीही चालत नाही. तेथे माणसाची पाठ असते, नाहीतर घोड्या-खेचरांची.

हे कष्ट नेहमीच कर्तव्य मानले गेले होते, असे नाही. अठराव्या शतकात चार्ल्सटन बंदरातून हरणांची कातडी मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला जात. कातडे हलके, टिकाऊ आणि विकाऊ. मांस जड आणि नाशवंत. बाजाराने कोणते उचलले, हे सांगावयास नको. लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचा अनुभव याच्या उलट होता. १८०५-०६ चा हिवाळा त्यांनी पॅसिफिक किनाऱ्याजवळ फोर्ट क्लॅटसॉप येथे काढला. मोहिमेतील पॅट्रिक गॅस याच्या रोजनिशीनुसार १ डिसेंबर ते २० मार्च या काळात त्यांनी १३१ एल्क आणि २० हरणे मारली. परंतु शिकार दूर पडे, हवा दमट असे, आणि ठाण्यावर आणलेले मांसही पुष्कळदा खराब होई. प्राणी मिळविणे आणि अन्न मिळविणे यांतील अंतर त्यांना पायांनी मोजावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाड्या आल्या आणि रानातले मांस शहरांच्या बाजारपेठांत पोहोचू लागले. शतक संपताना पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. १८९१ च्या कायद्याने राखीव वने निर्माण होऊ लागली. वन्य प्राणी हे जनतेच्या वतीने राज्याकडे असलेली ठेव आहेत, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मांडला. तो निकाल १९७९ मध्ये रद्द झाला, तरी ठेवीची कल्पना टिकून राहिली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी केली. आता प्रश्न असा आला की, हरीण सर्वांचे असेल, तर एकाने ते मारावे कोणत्या आधारावर? अनेक राज्यांच्या कायद्यांनी दिलेले उत्तर सरळ आहे : मांस वाया जाऊ न देण्याच्या अटीवर. अलास्कात शिंगे मांसाच्या आधी रानाबाहेर नेता येत नाहीत. शेवटच्या खेपेबरोबरच न्यावी लागतात. मिरविण्याची वस्तू शेवटी, खाण्याची आधी, असा हा क्रम आहे.

तथापि ‘सर्वांचे’ या शब्दापाशी थांबावे लागते. जेम्स फेनिमोर कूपर याच्या ‘द पायोनियर्स’ (१८२३) या कादंबरीचा आरंभच एका मेलेल्या हरणाच्या मालकीच्या वादाने होतो. पुढे म्हातारा शिकारी नॅटी बम्पो बंदीच्या हंगामात हरीण मारतो आणि वसाहतीच्या नव्या कायद्याच्या कचाट्यात सापडतो. सुमारे दोन शतकांनी हाच पेच न्यायालयात उभा राहिला. २०१४ मध्ये क्रो जमातीच्या काही शिकाऱ्यांनी वायोमिंगमधील बिगहॉर्न राष्ट्रीय वनात एल्क मारले आणि मांस घेऊन ते मोंटानात परतले. राज्याने बंद हंगामातील शिकारीचा खटला भरला. बचाव होता १८६८ च्या तहाचा, ज्यात संयुक्त संस्थानांच्या वस्ती नसलेल्या भूमीवर शिकारीचा हक्क राखलेला होता. वायोमिंग राज्य झाल्याने तो हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘हेरेरा विरुद्ध वायोमिंग’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. ज्या रानाला सार्वजनिक म्हटले गेले, ते आधी कोणाचे तरी होते. नॅटीच्या बाजूने हळहळणाऱ्या वाचकाने कादंबरीतल्या वृद्ध इंडियन जॉन मोहिगनकडेही त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

ओझ्याचा अर्थ अजूनही बदलत आहे. हरणांना झिजवून मारणारा ‘क्रॉनिक वेस्टिंग’ हा असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात प्रथम आढळला. आता अनेक राज्यांत मेंदू आणि कणा रोगग्रस्त भागाबाहेर नेण्यास मनाई आहे. काय उचलून आणावे याबरोबरच काय मागे ठेवावे, हेही कर्तव्यात आले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरीण मारण्याचा प्रश्न उरलेला नाही. मृगयेची वर्णने मात्र आपण शिकवितो, आणि तेथे वेग, नेम, शौर्य यांवर बोलून थांबतो. हा इतिहास वाचल्यावर आम्हाला वाटते की, वर्गात आणखी एक प्रश्न विचारावा : नेम लागल्यानंतर हरीण कोणी उचलले, आणि त्याचे नाव कृतीत कोठे आले आहे काय?