आकाशवाणी, नागपूर

विदर्भातील सर्वांत जुने नभोवाणी केंद्र. १६ जुलै १९४८ रोजी ते सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि प्रांतात मराठी व हिंदी अशा दोन भाषा चालत. याच प्रांतातली वैनगंगेकाठची पवनी पुढे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. राज्ये बदलली तरी पवनीच्या रेडिओवरचे केंद्र नागपूरच राहिले.

त्याचे कारण लहरींत आहे. हे केंद्र मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्‌झवर बोलते. मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. एफएमचा पल्ला साधारण नजरेच्या टप्प्याइतकाच. म्हणून नागपूरची एफएम केंद्रे जिथे विरतात, तिथेही ३०० किलोवॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज पोचतो. ट्रान्झिस्टरचा काटा ६०० च्या किंचित अलीकडे लावायचा आणि खरखर आलीच तर संच थोडा फिरवून नागपूरच्या दिशेला तोंड करून ठेवायचा. आतल्या फेराइट कांडीला लहर आडवी मिळाली की आवाज स्वच्छ होतो.

संगीत भरपूर असले, तरी केंद्राची खरी ताकद बोलण्यात आहे: भाषणे, मुलाखती, श्रुतिका, श्रोत्यांची पत्रे, स्त्रियांचे आणि तरुणांचे कार्यक्रम, प्रादेशिक बातम्या. त्यातही शेतीविषयक कार्यक्रम पूर्व विदर्भाला सर्वांत जवळचे. २००४ मध्ये देशभर ‘किसानवाणी’ सुरू झाली. धानपट्ट्यातल्या माणसाला पऱ्हे केव्हा टाकायचे, रोवणी लांबली तर काय करायचे, बांधीत गादमाशी किंवा तुडतुडे दिसले तर कोणता उपाय, हे हवे असते. असा सल्ला छापून येईपर्यंत कीड पुढच्या बांधीत गेलेली असते. बोललेला शब्द त्याच दिवशी पोचतो. पावसाळ्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, ही बातमीही तशीच तातडीची.

पुढे चंद्रपूर आणि यवतमाळ येथेही आकाशवाणीची केंद्रे निघाली. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे त्याचे चांगले उदाहरण. अशा केंद्राला १०० वॅटपर्यंत शक्ती मिळते. ती काही मोजक्या गावांना पुरते. धानाच्या बोलीत बोलणारे असे केंद्र पवनीलाही हवे. मात्र सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी लावावी लागतात.