अर्धवट गाडीची किंमत: जाहिरातीतला आकडा कसा वाचायचा?

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता होता. ब्रिटनमधल्या जुन्या मोटर मासिकांत शेवटच्या पानांवर छोट्या जाहिराती यायच्या. त्यांतल्या अर्धवट बांधलेल्या स्पोर्ट्स कारच्या किमती मी वर्षवार मांडल्या होत्या. कित्येक आठवडे डोळे फोडून केलेलं काम. मार्गदर्शक मॅडमनी तो तक्ता पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "अगं, ह्या मागितलेल्या किमती आहेत. मिळालेल्या कुठायत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्याचं शीर्षक मात्र होतं 'बाजारभाव'.

तुमच्यापैकी अनेक जण आत्ता पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करताय, विषय शोधताय. म्हणून आज माझी ही चूक जरा सविस्तर सांगते. निमित्त गाडीचं असलं तरी किंमत नावाचा आकडा तुम्हाला कुठल्याही विषयात भेटणार आहे: जमिनीच्या खतात, सावकाराच्या वहीत, लिलावाच्या यादीत.

गाडी अर्धवट का विकली जायची?

सुरुवात कायद्यापासून करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९४० मध्ये, ब्रिटनमध्ये 'पर्चेस टॅक्स' म्हणजे खरेदी कर लागू झाला. युद्ध संपलं, कर राहिला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर नव्या मोटारीवर तो घाऊक किमतीच्या ६० टक्के इतका होता. पण त्यात एक फट होती. कर होता तयार गाडीवर. तीच गाडी सुट्या भागांत विकली आणि गिऱ्हाइकाने घरी जोडली, तर हा कर लागत नसे.

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ही फट नेमकी हेरली. १९५७ मध्ये आलेली 'लोटस सेव्हन' ही दोन माणसांची, हलकी, उघडी गाडी तयार घेतली तर करासह १,०३६ पौंडांना पडायची. सुट्या भागांत, म्हणजे 'किट' म्हणून घेतली तर ५३६ पौंडांना. ह्या फरकात जोडणीची मजुरीही आली, पण मोठा वाटा कराचा. आता पगारदार तरुण कुठली गाडी घेईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

एक किस्सा तुम्हाला ह्या विषयावरच्या लेखांत हमखास सापडेल. किटसोबत जोडणीची माहितीपुस्तिका देता येत नसे, म्हणून कंपनीने गाडी खोलण्याची पुस्तिका दिली. गिऱ्हाइकाने ती उलट क्रमाने वाचायची! किस्सा झकास आहे. पण प्रबंधात घालण्याआधी ती पुस्तिका स्वतः पाहायची, ही सवय आत्तापासून लावून घ्या. 'सगळेच सांगतात' हा पुरावा नव्हे.

किटच्या बरोबरीने दुसरा एक प्रकार होता, त्याला 'स्पेशल' म्हणत. १९२२ ते १९३९ या काळात बनलेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या स्वस्त जुन्या गाड्यांचा पत्रा गंजलेला असे, पण खालचा सांगाडा आणि इंजिन धडधाकट. मग वरचं सगळं काढून फायबरग्लासची स्पोर्टी बॉडी बसवायची, इंजिनात फेरफार करायचे, गाडी जमिनीलगत आणायची. १९५० च्या दशकात फायबरग्लासच्या अशा तयार बॉडी विकणारे अनेक छोटे कारखाने निघाले.

नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरचा हा कर २५ टक्क्यांवर आला आणि अनेक छोट्या कारखान्यांचं गणित बिघडलं. १ एप्रिल १९७३ ला खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर, म्हणजे आपल्या ओळखीचा व्हॅट, आला आणि किटची जुनी सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क सरी परगण्यातल्या केटरहॅम ह्या विक्रेत्या कंपनीला दिले. त्या नावाने ती गाडी पुढेही बनत राहिली.

इथवरचा इतिहास पुस्तकांत मिळतो. माझा प्रश्न त्यानंतर सुरू होत होता. हौसेने किट आणलं, सहा महिने गॅरेजमध्ये खपलो, मग लग्न झालं, बदली झाली किंवा पैसे संपले. आता ती गाडी विकायची आहे. तिची किंमत काय?

सुटी गाडी आणि अर्धवट गाडी

हा फरक मला बराच उशिरा कळला, म्हणून वेगळा सांगते. कारखान्यातून आलेलं किट ही *सुटी* गाडी असते. खोक्यात काय आहे याची यादी असते, भाग कोरे असतात, किंमत छापील असते. गॅरेजमध्ये पडलेली गाडी *अर्धवट* असते. तिच्यावर कुणाचा तरी हात फिरलेला असतो. तो हात किती तयारीचा होता, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. सुट्या गाडीवर एक तासही काम झालेलं नसतं. अर्धवट गाडीवर दोनशे तास झालेले असतात, आणि तरीही ती सुट्या गाडीपेक्षा स्वस्त जाऊ शकते. काम वाढलं आणि किंमत उतरली, असं कसं?

कारण अशा गाडीचे तीन वेगळे हिशेब होतात. आकडे समजुतीसाठी मनानेच घेते.

पहिला हिशेब विकणाऱ्याचा. त्याच्याकडे पावत्यांची फाइल असते. इंजिन, गिअरबॉक्स, रुंद चाकं, रंग, सगळ्याची बेरीज ७०० पौंड. शिवाय रविवारचे दिवस घातले ते वेगळेच. तो ७०० च्या आसपास मागतो आणि वर म्हणतो, मजुरी तर मी धरलेलीच नाही.

दुसरा हिशेब घेणाऱ्याचा. तो शेवटाकडून मोजतो. पूर्ण झालेली अशी गाडी बाजारात १,००० पौंडांना जाते असं धरू. राहिलेले भाग २५०, राहिलेलं काम १५०. आणि उघडल्यावर काय निघेल कुणास ठाऊक, त्या धाकासाठी २००. उरले ४००. त्याच्या लेखी गाडीची किंमत ४००.

तिसरा हिशेब मोडीचा. गाडी पुरी करायचीच नाही. इंजिन एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला, चाकं तिसऱ्याला. त्याचे समजा ३५० येतात. ह्याच्या खाली विकणारा सहसा उतरणार नाही.

म्हणजे सौदा ठरला तर तो ३५० ते ४०० च्या पट्ट्यात. आणि माझ्या तक्त्यात काय होतं? ७००.

फेरफार केलेल्या गाडीत आणखी एक मेख असते. मालकाने हौसेने बसवलेली चाकं किंवा मोठं इंजिन त्याच्या आवडीचं असतं. घेणाऱ्याची आवड तीच असेल असं नाही. प्रत्येक फेरफाराने खर्च वाढतो आणि गिऱ्हाइकं मात्र कमी होतात. म्हणून मूळचे काढलेले भाग जपून ठेवले असतील तर गाडीला भाव बरा येतो: घेणारा ती पुन्हा मूळपदावर नेऊ शकतो.

'नव्वद टक्के काम झालंय' हे विकणाऱ्याचं ठेवणीतलं वाक्य. हत्ती गेला, शेपूट राहिलं. पण अनुभवी माणूस विचारतो, शेपूट म्हणजे नक्की काय? उरलेल्या दहा टक्क्यांत बहुधा वायरिंग, ब्रेक आणि कागदपत्रं असतात. डोळ्यांना दिसणारं काम आधी होतं, किचकट काम मागे राहतं. १९६० मध्ये ब्रिटनने जुन्या गाड्यांसाठी सुरक्षा तपासणी आणली, आणि १९९८ पासून घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी वेगळी मंजुरी सक्तीची झाली. म्हणजे ज्या भागावर गाडी पास-नापास होणार, तो भागच अनेकदा अर्धवट राहिलेला असे.

श्रममूल्याचा सिद्धांत वाचलेल्या काहींच्या मनात आलं असेल, की श्रम घातले तर मूल्य वाढायलाच हवं. पण मार्क्सनेही हा मुद्दा आधीच हाताळलाय. त्याच्या लेखी मोजले जातात ते समाजाला सरासरीने आवश्यक असणारे श्रम. एखादा सुतार रेंगाळला म्हणून त्याचं टेबल महाग होत नाही.

तांदळातले खडे

दुसऱ्या हिशेबातले ते 'धाकाचे २००' कुठून आले? इथे मला जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० मधला निबंध कामी आला. जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दलचा तो निबंध 'लेमन्स' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. बिघडकी गाडी म्हणजे अमेरिकन बोलीत लेमन. मुद्दा साधा आहे. गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी असलेल्याला विकणं परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. सरासरी आणखी घसरते.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या बाजारात नेमकं उलटं होतं. मूठ झाकलेली असेल, तर आत काहीच नाही असं धरूनच भाव दिला जातो. म्हणून तर अर्धवट गाडी विकणारा शहाणा माणूस मूठ उघडतो: पावत्या दाखवतो, कामाचे फोटो देतो, डब्यांवर चिठ्ठ्या लावतो, आणि बिघाड असेल तो आधीच सांगतो. पावत्यांची बेरीज किंमत ठरवत नाही, पण त्या पावत्या घेणाऱ्याचा धाक कमी करतात. २०० चे १०० झाले तर भाव ४०० चा ५०० होतो. पावत्यांचा खरा उपयोग तो.

अकेरलॉफ यांच्या निबंधाचं भारताशीही नातं आहे. निबंध त्यांनी १९६७ मध्ये पहिल्यांदा छापण्यासाठी पाठवला आणि मग वर्षभरासाठी दिल्लीला, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. पहिला नकार त्यांना भारतात असताना मिळाला. एकूण तीन नामवंत नियतकालिकांनी निबंध परत केला. विषय क्षुल्लक आहे, असंही कारण त्यांत होतं. चौथ्या ठिकाणी तो छापून आला. छापील निबंधात बेइमानीची किंमत सांगताना भारतीय बाजारातल्या तांदळाचं उदाहरण आहे: मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे गृहिणीला निवडत बसावं लागतं. ते निवडणं हाही खर्चच, फक्त तो पावतीवर येत नाही. २००१ मध्ये अकेरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे मुख्यतः हाच 'क्षुल्लक' विषय होता. नकाराचं पत्र आलं की हे आठवा.

मग त्या तक्त्याचं काय केलं?

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मी त्याचा बचाव करत होते. इतकं काम केलंय, काहीतरी किंमत असेलच ना! आणि एका रात्री लक्षात आलं, की मी पावत्यांची फाइल घेऊन बसलेला तो विकणारा झालेय. तक्त्यावर घातलेले आठवडे वाचकाच्या हिशेबात येतच नाहीत. वाचक विचारणार, ह्यातून काय सिद्ध होतं, आणि मी त्यावर विश्वास का ठेवू?

मग तिसरा हिशेब केला, मोडीचा. तक्ता मोडला. 'बाजारभाव' हे शीर्षक काढून 'विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती' असं केलं. एकच गाडी काही अंकांनी पुन्हा, कमी किमतीला जाहिरातीत येते का, ते इंजिनाच्या आणि रंगाच्या तपशिलावरून जुळवायला लागले. अशी घसरण हा सौद्याचा पुरावा नाही. जुनी मागणी मान्य झाली नव्हती, एवढं मात्र ती सांगते. विकण्याची कारणं वेगळी नोंदवली, कारण घाईत विकणाऱ्याचा आकडा आणि सावकाश विकणाऱ्याचा आकडा एका रांगेत बसत नाहीत. प्रकरण पंधरा पानांनी आटलं. मॅडमनी वाचून एवढंच म्हटलं, "आता यावर बोलता येईल."

तुम्हीही एक करून पाहा. तुमच्या विषयातला, साधनात सापडलेला किमतीचा कुठलाही एक आकडा घ्या आणि त्याखाली तीन ओळी लिहा. हा आकडा कुणी लिहिला, मागणाऱ्याने, देणाऱ्याने की कर घेणाऱ्याने? त्याला काय माहीत होतं, जे समोरच्याला माहीत नव्हतं? आणि सौदा झाला, ह्याचा पुरावा कुठे आहे? तिसरी ओळ कोरी राहिली तर राहू द्या. फक्त वर 'बाजारभाव' असं शीर्षक देऊ नका.